तायडे सरांच्या खिडक्या

तायडे सर कोणाच्याही घरी गेले, की आधी खिडकीपाशी जायचे. चहा नंतर, बसणं नंतर, ख्यालीखुशाली तर त्याहूनही नंतर. यजमान बिचारा "या सर, या" करत पुढं येतोय आणि हा माणूस त्याच्याकडे पाठ करून खिडकीची मूठ फिरवून पाहतोय, पल्ला पुढं-मागं ढकलतोय, बिजागरीवर अंगठा दाबतोय. मग मान हलवायची आणि निकाल द्यायचा, "बसत नाही." आमच्या हेडमास्तरांच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी हेच केलं. इकडे मुलीची ओटी भरणं चाललेलं आणि तायडे सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर चढून खिडकीच्या वरच्या कडीचा स्क्रू पिळताहेत. हेडमास्तर दातओठ खात म्हणाले, "तायडे, तुम्ही जेवायला आलात की दुरुस्तीला?" तर हे वरूनच म्हणतात, "जेवणाले टाइम हाय अजून. तोवर एवढं करून घेतो."

असा माणूस. फटकळ, हेकट, तोंडाला लगाम नाही. अमरावतीच्या आमच्या सरकारी हायस्कुलात ते इंग्रजी शिकवायचे आणि मी भूगोल. कोटाच्या आतल्या खिशात दोन पेनं आणि त्यांच्या शेजारी स्क्रू पिळायचा एक पेचकस. पेनं गळायची, पेचकसानं खिशाला भोक पडायचं, त्यामुळे कोट आतून निळा आणि फाटका. वर्गात पोरगं चुकलं की खिशातून पेन काढायला जायचे आणि हातात पेचकस यायचा. पोरांना वाटायचं, सर आता आपल्यालाच उघडतात.

कोणी म्हणेल, मोठा कारागीर असेल हा. छे! हात अजिबात सुताराचा नव्हता. डाव्या अंगठ्याचं नख कायम काळंनिळं, कारण हातोडी खिळ्यापेक्षा अंगठ्यावरच जास्त. काचा तर त्यांनी इतक्या फोडल्या की काचवाला त्यांना दुरून पाहूनच टेपपट्टी काढायचा. पण ऐकेल तो तायडे कसला! दुसऱ्याला हात लावू देणार नाहीत. "मिस्त्री येते, ठोकते, जाते. रात्री फटीतून काय येऊन राहिलं, थे पाहाले तो थोडीच थांबते?" हे त्यांचं म्हणणं.

एकदा परीक्षा चालू होती. वरून तपासणीला साहेब आले. हॉलमध्ये शिरतात तर पर्यवेक्षक जमिनीवर नाहीतच. पर्यवेक्षक स्टुलावर, तोंडात स्क्रू धरून, खिडकीशी झटताहेत. साहेब गरजले, "हे काय चाललंय?" तायडे सरांनी तोंडातले स्क्रू हातात घेतले आणि शांतपणे म्हणाले, "कडी तुटली साहेब. पोरायचे पेपर उडून राहिले. एका हातानं पेपर धरतीन अन् एका हातानं लिहितीन, तं बोटं कायनं मोजतीन?" सगळा हॉल खो खो हसला. साहेबांनी त्यांच्या नावावर शेरा मारला. खिडकी मात्र त्या वर्षी वाजली नाही.

आता एक गोष्ट आधी सांगून टाकली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मीही तायडेच. ते तायडे, मी तायडे. आमच्या वऱ्हाडात हे आडनाव कुणब्यांतही आहे आणि बौद्धांतही. मी कुणबी, दर्यापूरकडचा, काळ्या जमिनीतला. ते त्याच तालुक्यातले, आमच्या गावापासून दोन कोसांवरच्या गावचे, धर्मांतरात बौद्ध झालेले. त्यामुळे आमच्याकडे नुसतं आडनाव सांगून कोणाचं समाधान होत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "कोणते तायडे?" प्रश्न अगदी गोड आवाजात येतो. विचारणारा हसतो सुद्धा. पण तुमच्या तोंडून उत्तर निघेपर्यंत त्याची नजर तुमच्यावरून हलत नाही.

स्टाफरूममध्ये आम्हा दोघांना ओळखायचं कसं, हा प्रश्न मंडळींनी झटक्यात सोडवला होता. मी "आपले तायडे" आणि सर "ते तायडे". सरांच्या तोंडावर कोणी म्हणायचं नाही, पण भिंतींना कान असतात आणि सरांना तर होतेच. एकदा मला कोणी हाक मारली, "अहो आपले तायडे!" तर सरच वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "जा पाटील, आपल्यातले बोलावून राहिले." मी पाटीलबिटील कोणी नव्हतो. पण ते मला कायम पाटील म्हणायचे. लाडानं म्हणायचे की टोचायला, ते मला कधी कळलं नाही. मला वाटतं, दोन्ही असावं.

घर शोधायला निघाले की मात्र ते "कोणते तायडे" विचारायची पाळीच येऊ द्यायचे नाहीत. दार उघडलं, की पायरीवरूनच सांगायचे, "मी तायडे मास्तर. बौद्ध आहे. आता घर दाखवता, का जाऊ?" निम्मे लोक तिथंच गोंधळायचे. "तसं नाही हो मास्तर, पण खोली कालच गेली." खोली काल गेली, परवा गेली, पुतण्या येणार आहे, रंग द्यायचाय. कारणांना तोटा नाही. एकानं चुकून आधीच विचारलं, "कोणते तायडे तुमी?" तेव्हा सर म्हणाले, "ज्यायले तुमी घर देत नाही, थे." आणि पायरी उतरून चालायला लागले. मी म्हणालो, "सर, थोडं नरमाईनं घ्या." तर माझ्यावरच उखडले. "नरमाई कायले? आत राहाले गेल्यावर कळण्यापरीस दारातच कळलेलं बरं. सामान उचलाचा त्रास वाचते."

एवढी घाई घराची का, तर कौसल्याबाईंसाठी. सरांच्या बायकोला दमा होता. साधासुधा नाही, जीवघेणा. आधी अकोल्याला ते राहायचे कापसाच्या जिनाच्या मागच्या गल्लीत. कापसाचा हंगाम सुरू झाला, की जिनात सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते आणि तूस सगळं हवेत. दारात, भाकरीच्या पिठात, पापण्यांवर. त्या हवेनं बाईंचा भाता असा काही चालायचा की शेजारच्या घरात ऐकू जावा. म्हणून सरांनी अमरावतीला बदली मागून घेतली. आणि इथं जागा मिळाली कुठं, तर पुन्हा कापूस बाजाराला लागूनच्या वस्तीत, कारण तिथं विचारायचं कोणी नव्हतं. सगळे सरांच्या समाजातले, आपलेच. शेजारपाजार जीव लावणारा, रात्री-बेरात्री धावून येणारा. पण हवा तीच.

कौसल्याबाई आडवं होऊन झोपू शकायच्या नाहीत. आडव्या झाल्या, की घुसमट. गादीची गुंडाळी पाठीशी लावून भिंतीला टेकून बसायच्या आणि तशीच रात्र काढायच्या, वर्षानुवर्षं. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, साखर... बरोबर हाय का?" वाक्याच्या मधेच श्वास घ्यावा लागायचा. बोलणं तुटक, पण डोळे भारी हसरे. सर खिडकीला गोणपाट ठोकत होते. त्या खिडकीला काचच नव्हती, नुसते लाकडी गज. गोणपाट लावला की तूस थांबायचं आणि हवाही थांबायची. काढला की दोन्ही आत. सरांचं ते खिडकीचं वेड काय आहे, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कोटातल्या पेचकसाची चेष्टा मी त्यानंतर केली नाही.

मग नानासाहेबांचं घर आलं.

नानासाहेब म्हणजे बडं प्रस्थ. मोर्शीकडे संत्र्याच्या बागा, अमरावतीत बंगला, बोलणं साखरेत घोळलेलं. बंगल्याच्या बाजूला दोन खोल्या होत्या. त्यांच्या धाकट्या भावानं बांधलेल्या. तो डॉक्टर, विलायतेला राहून आलेला. ऊन आणि धूळ दोन्ही बाहेर राहावं म्हणून त्यानं त्या खोल्यांना दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या होत्या. म्हणजे एक काचेचा पल्ला बाहेर उघडणारा, दुसरा आत, आणि मधे वीतभर मोकळी जागा. अख्ख्या अमरावतीत मी तसं काही पाहिलं नव्हतं. डॉक्टर पुढं नागपूरला स्थायिक झाला आणि खोल्या कुलुपात पडल्या. मुठी झिजल्या, बिजागऱ्या गंजल्या, दोन काचांच्या मधे मेलेल्या गांधीलमाश्यांचा खच. वापरायला अवघड म्हणून कोणी भाडेकरू टिकत नव्हता. हे मीच सरांना सांगितलं. सरांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "दोन काचा? एकामागं एक?"

जायच्या आधी रस्त्यात मला म्हणाले, "पाटील, आज तुमी फक्त बसाचं. बोलाचं नाही."

नानासाहेब मला कुणबी म्हणून आधीपासून ओळखत होते. त्यांनी पान दिलं, सरांना गाव विचारलं. सर म्हणाले, दर्यापूर तालुका. मी म्हणालो, मीही तिकडचाच. नानासाहेब प्रसन्न झाले. मांडीवर हात मारून म्हणाले, "मी कोणाले जातबित विचारत नाही, बरं का मास्तर. जमाना बदलला. अन् आपल्याले विचारायची गरजही नाही. दोन तायडे, एका तालुक्यातले, सोबत येऊन राहिले. भाऊबंदच असणार! बोलणं-चालणं पाहिलं, की माणूस कळते मले." आणि स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन हसले. मी सरांकडे पाहिलं. आता पायरीवरचं ते वाक्य येणार म्हणून मी तयारीत होतो. सर खिडकीकडे पाहत होते. म्हणाले, "मुठी मी बसवून घेईन. तुमाले काही करावं लागणार नाही."

परतताना ते माझ्या दोन पावलं पुढं चालत होते. मी सहज म्हणालो, "चला, काम झालं एकदाचं." तर रस्त्यातच थांबले. "काय काम झालं? आज पहिल्यांदा दारात उभा राहून मी तोंड शिवून घेतलं. तुमाले काय कळते, पाटील!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते माझ्यावर चिडले होते, मी ते पाहिलं म्हणून.

त्या खिडक्यांनी पावसाळाभर सरांचा घाम काढला. जुन्या मुठी गरागरा फिरायच्या, पण आतली जीभ कडीत शिरायचीच नाही. झिजून गुळगुळीत झालेली. तसल्या मुठी दुकानात मिळेनात. मग लोहाराकडून नमुन्याबरहुकूम करवून घेतल्या. लोहारानं चांगल्या जाडजूड, दणकट करून दिल्या. सरांनी मोठ्या ऐटीत बाहेरच्या पल्ल्याला बसवल्या आणि आतला पल्ला जोरात ओढून घेतला. खळ्ळकन आवाज! बाहेरच्या पल्ल्याची जाड मूठ मधल्या जागेत पुढं आलेली आणि आतली काच थेट तिच्यावर. सर त्या फुटक्या काचेकडे पाहत म्हणाले, "लोहार गाढव हाय." कौसल्याबाई भिंतीला टेकून इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली आणि आम्हाला पळापळ करावी लागली.

दुसऱ्या खेपेला बाहेरच्या पल्ल्याला चपटी खिट्टी, आतल्याला लांब पितळी मूठ. स्क्रूची भोकं मोठी झालेली, स्क्रू आत नुसते फिरायचे. तर बांबूच्या काड्या सरसात बुडवून भोकात ठोकायच्या, वाळू द्यायच्या, मग त्यात स्क्रू. बिजागऱ्या रॉकेलमध्ये भिजत घातलेल्या. जुनी घोंगडी फाडून तिच्या पट्ट्या चौकटीला लावलेल्या. आणि मग परीक्षा. उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेकडेनं फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, जरासा वाकला तर तिथं फट. शाळा सुटली की हा माणूस उदबत्ती घेऊन खिडकीपाशी. नानासाहेबांना वाटायचं, मास्तर मोठे धार्मिक. त्यांनी घरात तसं सांगितलंही.

आणि एक दिवस तायडे सर शाळेत उशिरा आले. असं कधी व्हायचं नाही. स्टाफरूमच्या दारात उभे राहिले, केस विंचरलेले नाहीत, आणि कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाले, "काल आडवी झोपली."

बाकीच्यांना वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलं. मला माझ्या जागेवरून उठून त्यांचा हात धरावासा वाटला. कापसाचा ऐन हंगाम होता आणि ती बाई आडवी झोपली होती. सर तिच्या श्वासाकडे कान लावून रात्रभर जागत बसले होते आणि पहाटे त्यांचा डोळा लागला, म्हणून उठायला उशीर झाला.

तो हिवाळा त्यांच्या घरातला सगळ्यांत चांगला हिवाळा. कौसल्याबाईंच्या गालांवर मांस आलं, वाक्यं लांबली. नानासाहेबांकडून संत्र्यांच्या टोपल्या यायच्या. आल्यागेल्याला ते खोल्या दाखवायचे, "पाहा, विलायती खिडक्या! आमच्या मास्तरांनी पुन्हा चालू केल्या." येता-जाता आत डोकावून चहा प्यायचे. एकाच गोष्टीची किंमत त्या घरात चालू होती, आणि ती मोजत होत्या कौसल्याबाई. बुद्धाचा फोटो ट्रंकेत होता, लुगड्यात गुंडाळून. नानासाहेबांच्या मंडळी दुपारच्या येऊन बसायच्या, मायेनं बसायच्या, आणि विचारायच्या, माहेर कोणतं, देवक कोणतं, कुलदैवत कुठलं, नवस कोणाला बोलता. रोज काहीतरी उत्तर द्यायचं आणि दिलेलं लक्षात ठेवायचं.

संक्रांतीला त्यांना हळदीकुंकवाला नेलं. नाही म्हणता येईना. तिथं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, वाण दिलं, ओटी भरली. घरी आल्या आणि न्हाणीत जाऊन कपाळ घासत बसल्या. सर घरी आले तेव्हा कपाळाची सालं निघालेली. हे मला सरांनी सांगितलं. सांगताना त्यांनी पेचकस टेबलावर इतक्यांदा आपटला की टेबलाला खड्डा पडला. म्हणाले, "मी म्हटलं, चाल, सोडू हे घर. तं म्हणते, मंग पुन्हा बसून झोपू काय? अन् मंग म्हणते, आडवी तं झोपते मी, पण डोळा नाही लागत."

वैशाखी पौर्णिमा आली. बाहेर ऊन असं की रस्ता चटके देतोय. मी संध्याकाळी सरांकडे गेलो. फाटकातून आत शिरलो आणि जागच्या जागी थबकलो. रस्त्याकडच्या खिडकीत, दोन काचांच्या मधल्या जागेत, बुद्धाचा फोटो उभा होता. तोंड रस्त्याकडे. आतली मूठ घट्ट लावलेली.

आत सर पलंगावर डोकं धरून बसले होते. कौसल्याबाई नवं पांढरं लुगडं नेसून खीर ढवळत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या भाऊजी. खीर खाऊन जा. आज सण हाय आमचा." मी फोटोकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तिथं बरा हाय. धूळ लागत नाही."

सर हळूच म्हणाले, "मी काढतो म्हटलं. काढू देत नाही."

"काढाचा नाही," त्या म्हणाल्या. "तुमी दारोदार सांगत फिरले, तवा मले तुमचा अभिमान वाटे. बसून झोपे, पण अभिमान वाटे. माह्यासाठी तुमी गप राह्यले, थे मले पचत नाही." एवढं लांब बोलल्या आणि एकदाही श्वास अडकला नाही.

खीर वाढून झाली आणि दारात नानासाहेब. नेहमीसारखे आत आले, नेहमीसारखे बसले, पण पलंगाच्या अगदी कडेला. कौसल्याबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. त्यांनी घेतला. आणि म्हणाले, अगदी गोड आवाजात, "मास्तर, थो खिडकीतला फोटो... कोणी भेट दिला असन? शोभेचा?"

अजूनही ते वाचवू पाहत होते. सरांना वाचवायचं नव्हतं हो, स्वतःला! वर्षभर त्या घरात प्यालेला चहा वाचवायचा होता. सर तोंड उघडणार, तोच कौसल्याबाई म्हणाल्या, "नाही जी. आमचाच हाय. आमी बौद्ध."

नानासाहेबांनी कप खाली ठेवला. भरलेला. उठले, आणि राग काढला कोणावर, तर माझ्यावर. "तुमी तरी सांगाचं होतं! तुमी आपले असून!"

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "तुम्ही विचारलं होतं काय? तुम्हाला तर माणूस कळतो ना बोलण्या-चालण्यावरून! वर्षभर त्यांच्या हातचा चहा प्यायलात, तेव्हा कळला नाही काय?" आणखीही पुष्कळ बोललो, इथं लिहिण्यासारखं नाही. नानासाहेब आवाज चढवत नव्हते. त्याचाच मला जास्त संताप आला. म्हणाले, "मले काही नाही हो. मी मानतच नाही. पण घरात म्हातारी माय हाय. तिच्या जिवाले लागन. महिनाअखेर पाहा कोठी तरी." आणि दारात वळून म्हणाले, "अन् मास्तर, खिडक्या जशा हायेत तशा राहू द्याजा."

मी सरांना सांगितलं, काढा सगळ्या मुठी. एकूण एक. तुमच्या घामाच्या आहेत. त्याच्या खिडक्या वाजू द्या रात्रभर, येऊ दे धूळ त्याच्या तोंडात. मी पेचकस उचलला सुद्धा. सरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "तुमी काढल्या तं मुठी नेल्या म्हणतीन. मी काढल्या तं चोरल्या म्हणतीन. राहू द्या, पाटील."

त्यांनी घर सोडलं त्याच दिवशी नानासाहेबांनी खोल्या धुऊन काढल्या, भिंतींवर गोमूत्र शिंपडलं, दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधला. मुठी मात्र एकही काढून फेकली नाही. चिंच लावून चकचकीत केल्या आणि ठेवून घेतल्या. पुढं तिथं एक वकील राहायला आला. त्यालाही विलायती खिडक्या दाखवल्याच असतील. नानासाहेब देवाघरी जाऊन किती वर्षं झाली, पण मला त्यांची आठवण झाली की तोंड कडू होतं. कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. काळ कसला! काळानं काय चिंच लावून मुठी घासल्या?

अमरावतीत घर काही मिळालं नाही. सर पुन्हा पायरीवरून सांगायला लागले होते आणि खोल्या पुन्हा कालच जाऊ लागल्या होत्या. शेवटी त्यांनी बदली मागितली, परत अकोल्याला. तिथं त्यांच्या चुलत भावाची खोली होती, जिनाच्या मागच्या त्याच गल्लीत. पुढचं इथंच सांगून टाकतो. हंगाम सुरू झाला आणि दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत कौसल्याबाई गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिकडून आलेल्या एका मास्तरांनी सांगितलं, बसल्या बसल्याच गेल्या. मी सरांना भेटायला अकोल्याला गेलो, तर ते बदली घेऊन आणखी कुठं दूर गेलेले. कोणाला पत्ता दिला नव्हता. माझी-त्यांची पुन्हा गाठ पडली नाही.

मला ते दिसतात ते बडनेऱ्याच्या फलाटावर. जून महिना, पाऊस लांबलेला, उन्हानं पत्रे तडतडताहेत. ते अकोल्याला निघाले होते आणि मी पोचवायला गेलो होतो. सामान चढवलं, कौसल्याबाईंना खिडकीजवळ जागा मिळाली. नेमकं त्यांचा डबा इंजिनाला लागून. कोळशाचा धूर सगळा खिडकीतून आत. बाई पदर तोंडाला लावून खोकायला लागल्या. खिडकीची लाकडी झडप खालून वर ओढायची होती. सरांनी ओढली. ती धाडकन खाली आली. पुन्हा ओढली, पुन्हा खाली. झडप अडकवायची खिट्टी तुटून गेलेली. त्यांनी खिसे चाचपले, पण पेचकस कोटाबरोबर सामानात गेलेला; इकडे-तिकडे पाहिलं. तेवढ्यात शिट्टी झाली.

मग त्यांनी झडप वर ओढली आणि दोन्ही हातांनी तशीच धरून उभे राहिले. आतून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "मास्तर, सोडा ना. हात दुखतीन. अकोला दूर हाय."

"दुखू द्या," सरांचा आवाज आला.

गाडी हलली. मी फलाटावरून हात वर केला, हाक मारली. झडपेच्या मागून खोकल्याचा आवाज तेवढा आला. झडपेच्या वरच्या कडेवर सरांची बोटं दिसत होती, नखं पांढरी पडलेली. मी गाडीबरोबर थोडा चाललो. गाडीनं वेग घेतला, डबा दूर गेला, तरी ती बोटं तिथून हलली नाहीत.